पट्टा बिघडला नव्हता

डॉक्टरांनी "सहा महिने दमायचं नाही" असं सांगितलं की माणूस आधी कॅलेंडरकडे बघतो आणि मग नुसताच भिंतीकडे. सध्या ज्याचं भिंतीकडे बघणं चालू आहे, त्याच्यासाठी हे लिहितोय. मी त्या सहा महिन्यांतून जाऊन आलोय. धडधाकट आहे, सायकल चालवतो, आणि भूक पहिल्यासारखीच दोन माणसांची आहे.

सुरुवातीलाच एक कबूल करून टाकतो. माझ्या तोंडून गोष्ट बाहेर पडताना जरा फुगूनच पडते. कात्रजच्या जुन्या घाटात एकदा माझ्या सायकलीपुढून बिबट्या आडवा गेला होता. गेल्या पाच वर्षांत तो चांगला वासराएवढा झालाय. मुळात ते बहुधा मुंगूस होतं, पण शेपटी भारदस्त होती. तेव्हा बिबट्याचं सोडून द्या. आजाराबद्दलचं मात्र सगळं सुजाताने, म्हणजे माझ्या बायकोने, वाचून पास केलेलं आहे. ती विमा कंपनीत लोकांचे क्लेम तपासते. माझ्यासारख्या माणसाशी लग्न करायला दुसरी कुठली पात्रता पुरली नसती.

तक्रार

मी खडकीतला. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात फोरमन होते, बालपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. माझ्या पिढीला हिंजवडीचा रस्ता सापडला. एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रामातल्या चुका शोधून त्याचा दिवस खराब करतो. दहा वर्षं खुर्चीत बसून हे केल्यावर माझं पोट मीटिंगला माझ्याआधी पोचायला लागलं. तेव्हा मंदारने, माझ्या कॉलेजातल्या मित्राने, मला टेकडीवर सायकल चालवायला ओढून नेलं.

तिथून रेसचा नाद लागला. डोंगरातल्या कच्च्या वाटेवर चार-पाच किलोमीटरची फेरी आखलेली असते. दगड, चढ, घसरडे उतार, ओढा. ती फेरी तीन-चार वेळा मारायची. नोकरी सांभाळून हे करणारे आम्ही सगळे हौशी, पण आमची हौस पाहिली तर ऑलिंपिकवाले लाजतील. पहाटे पाचला उठणं, बीट पिणं, आणि छातीला पट्टा बांधून हृदयाचे ठोके मनगटावरच्या घड्याळात बघणं. हा पट्टा ओला असल्याशिवाय नीट चालत नाही, म्हणून बांधायच्या आधी तो चाटायचा अशी आमच्यात रीत आहे. पहिल्यांदा हे बघून सुजाता सरळ स्वयंपाकघरात निघून गेली.

माझा सगळ्यात चांगला नंबर अकरावा. पहिल्या दहांत यायचं होतं, आणि त्या वर्षी ते जमणार होतं. रेसला महिना असताना ताप आला. चार दिवस अंगात आग, सांध्यांत कोणीतरी लोखंडी पाना लावून पिळतंय असं. पाचव्या दिवशी उतरला. सहाव्या दिवशी मी टेकडीवर.

आणि घड्याळ वेड्यासारखं करायला लागलं. जिथे एकशे तीस ठोके पडायचे तिथे एकशे पासष्ट. सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या पन्नास असायचे, ते ब्याऐंशी. मी पट्टा जास्त चाटला. मग धुतला. मग त्यातला नाण्याएवढा सेल बदलला. मग नवा पट्टा मागवला. नव्याने एकशे अडुसष्ट दाखवले. यावरून मी निष्कर्ष काढला, की नवाही खराब आहे.

माणसाचा धंदा त्याच्या हाडात असतो. मी पट्टा बनवणाऱ्या कंपनीला मेल लिहिली, बगचा रिपोर्ट लिहावा तशी. पायरी एक, पट्टा ओला करून बांधा. पायरी दोन, चढ चढा. अपेक्षित निकाल, एकशे तीस. प्रत्यक्ष निकाल, एकशे अडुसष्ट. खाली दहा दिवसांचे आकडे तारीखवार. चूक किती गंभीर, या रकान्यात 'अतिगंभीर'. आणि शेवटी टीप: 'चढावर छातीत आवळल्यासारखं होतं, पट्ट्याचं इलॅस्टिक फार घट्ट असावं.'

मेलची एक प्रत मंदारला. त्याने उत्तरात फक्त एवढंच लिहिलं, "मराठीत याला कथा म्हणतात."

टेकडी

रविवारची सकाळ होती. बाणेरच्या टेकडीवर शेवटचा जो खडा चढ आहे, तिथे आधी आवाज गेला. म्हणजे मंदार पुढून काहीतरी ओरडत होता, त्याचं तोंड हलत होतं आणि ऐकू येत नव्हतं. मग नजरेच्या कडा काळ्या झाल्या. नंतर दिसली ती एक माकडटोपी.

टोपीतल्या आजोबांना आम्ही चांगले ओळखत होतो. ते रोज सकाळी चालायला यायचे आणि रोज आम्हाला ऐकवायचे, "टेकडी पायांसाठी आहे, चाकांसाठी नाही." गेली चार वर्षं त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता. आता ते आपला स्वेटर घडी करून माझ्या डोक्याखाली सारत होते.

"नाव सांगा तुमचं," ते म्हणाले.

मी सांगितलं.

"वार कुठला?"

"रविवार."

"शुद्धीवर आहे," ते मंदारला म्हणाले आणि माझे तळवे चोळायला लागले. चोळता चोळता म्हणाले, "तरी रोज सांगत होतो."

मी वीस मिनिटं बेशुद्ध होतो असं मी पुढे ऑफिसात सांगितलं. मंदारच्या म्हणण्याप्रमाणे चाळीस सेकंद. सुजाताने इथे चाळीस सेकंदच ठेवायला लावलंय.

आजोबांनी मला टेकडीखाली उभ्या आपल्या गाडीत घातलं. मंदार सायकल डिकीत बसते का बघायला लागला, तर ते ओरडले, "ती राहू दे! ती धडधाकट आहे!"

खरं किती?

हॉस्पिटलात त्यांनी छातीला वायरी लावल्या, रक्त घेतलं, आणि बघता बघता माझ्या पलंगाभोवतीची माणसं वाढली. आपल्याभोवती डॉक्टर वाढायला लागले की समजावं, आपण आता खास झालो. हृदयाच्या डॉक्टर मॅडम आल्या. लहानखुऱ्या, चष्मा कपाळावर, आवाज अगदी हळू. तोवर सुजाताही पोचली होती, एका पायात तिची आणि एका पायात माझी चप्पल.

"याआधी कधी असं झालंय?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"धाप? छातीत दुखणं?"

"अजिबात नाही."

"मधे ताप वगैरे?"

"त्याला महिना होऊन गेला."

आता हे का बोललो? रेस तेरा दिवसांवर होती. मला वाटलं, फार सांगितलं तर अडकवून ठेवतील. जन्मभर मी मुंगसाचा बिबट्या केला, आणि जिथे खरंच बिबट्या समोर उभा होता तिथे त्याचं मुंगूस करून सांगितलं.

"महिना?" सुजाता म्हणाली. "अरे, अडीच आठवड्यांपूर्वी मी तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते!"

मॅडमनी चष्मा खाली घेतला. "खरं किती?"

तेव्हा कोपऱ्यात उभा असलेला मंदार पुढे आला आणि त्याने मोबाईल मॅडमच्या हातात दिला. "मॅडम, याने सगळं लिहून ठेवलंय. फक्त चुकीच्या पत्त्यावर पाठवलंय."

मॅडमनी ती मेल पहिल्या पायरीपासून टिपेपर्यंत वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

"कंपनीचं काय उत्तर आलं?"

"पट्टा धुऊन बघा म्हणाले," मी म्हणालो.

"पट्टा बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "इतकी नेमकी माहिती मला कुठल्याच पेशंटने दिली नव्हती. तापाचा विषाणू तुमच्या हृदयाच्या स्नायूत गेलाय. स्नायू सुजलाय. आणि सुजलेलं हृदय घेऊन तुम्ही दोन आठवडे डोंगर चढताय."

त्यांनी आजाराचं नावही सांगितलं, मायोकार्डायटिस. मला नाव लागलं नाही. मला ते 'चढताय' लागलं.

सुजाता मोबाईल घेऊन उभी होती. तीही वाचत होती. शेवटी म्हणाली, "नव्या पट्ट्याचं पार्सल मी घेतलं. सही मी केली." मग बाहेर जाऊन बाकावर बसली. तिथे ती किती वेळ होती ते मला माहीत नाही, आणि या बाबतीत अंदाज वाढवून सांगावासा वाटत नाही.

चार नंबरचा पलंग

अतिदक्षता विभागात मी तीन नंबरला. चार नंबरला एक काका होते, मंडईत त्यांचा कांदा-बटाट्याचा गाळा. बायपाससाठी आलेले. दुपारी पडदा सरकवून त्यांनी माझी चौकशी केली.

"वय?"

"एकोणचाळीस."

"सिगारेट?"

"नाही."

"तंबाखू?"

"नाही."

"पिणं?"

"बीटचा रस."

"मग इथे कसे काय?"

"सायकल."

"म्हणजे काहीतरी लागतंच माणसाला," ते म्हणाले आणि पडदा ओढून घेतला.

दिवसाचा क्रम लगेच पाठ होतो. सहाला रक्त, सातला पाणीदार चहा, नऊला मॅडम. मग दोन ते चार ती भयाण दुपार, जेव्हा भेटायला कोणी येत नाही, सिस्टर रिपोर्ट लिहीत असतात आणि नुसतं यंत्र टीं टीं करतं. मला मरणाची भीती वाटली नाही, असं मी पुढे लोकांना सांगितलं. ते खरं नाही. त्या दुपारी मी डोळे मिटत नव्हतो, कारण मी झोपलो तर पडद्यावरच्या आकड्याकडे कोण बघणार? आकडा चढला की श्वास धरून तो खाली आणायला बघायचो. चादरीखाली मनगटावर बोटं ठेवून मोजत राहायचो. शर्यतीत ज्या आकड्यांवर मी जीव टाकायचो, तेच आता भिंतीवरून माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी चार नंबरचा पलंग रिकामा. चादर बदललेली. मी कोणाला विचारलं नाही. विचारण्याची हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मला वॉर्डात हलवलं, तेव्हा व्हरांड्यात वॉकर धरून काका पावलं टाकत होते, एका हाताने छातीवर उशी दाबून. मला बघून थांबले. "अजून इथेच?" त्यांनी विचारलं. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण मला वाकायची परवानगी नव्हती.

असे छोटे छोटे उपकार लक्षात राहतात. वॉर्डातल्या मावशींनी एक दिवस न सांगता माझे केस विंचरले. मी म्हटलं, "मावशी, कशाला?" तर म्हणाल्या, "बायको येतीय ना चारला. आजारी दिसू नका."

काटा

बाबा रोज खडकीहून यायचे. आमच्या घरी नवस बोलणं, उपास धरणं यातलं काही नाही. बाबा रविवारी विहारात जातात, वंदना म्हणतात, संपलं. त्यामुळे घाबरल्यावर हाताला काही काम राहत नाही. ते माझे रिपोर्ट तारखेप्रमाणे फायलीत लावत बसायचे. लावून झाले की काढून पुन्हा लावायचे.

पाचव्या दिवशी फाईल मांडीवर घेऊन त्यांनी विचारलं, "तो पट्टा म्हणजे काय, मला नीट सांग."

मी सांगितलं. ते ऐकत होते. कारखान्यात कोणी नवा माणूस मशीनची तक्रार सांगायचा, तेव्हा ते असंच मान खाली घालून ऐकत असणार.

"म्हणजे काटा," ते म्हणाले. "काटा लाल रेघेच्या वर गेला. मग काय केलंस?"

"सेल बदलला."

"कशाचा?"

"काट्याचा."

बाबा हसले नाहीत. "आमच्याकडे काटा वर गेला की आधी मशीन बंद. कोणी विचारायचं नाही काटा खरा की खोटा. मशीन बंद, माणसं बाहेर, मग काटा तपासायचा. दारूगोळ्याचं काम ते. पस्तीस वर्षांत शंभर वेळा काटाच खराब निघाला असेल. शंभर वेळा माझ्यामुळे काम थांबलं. साहेब बोलायचे."

"तुम्हाला राग नाही यायचा?"

"यायचा की. पण सगळे घरी जायचे जेवायला."

मी टेस्टिंगवाला. आमच्याकडे एखादी चाचणी अधूनमधून फसली तर आम्ही म्हणतो, चाचणीच लहरी आहे, पुन्हा चालवून बघू. पंधरा वर्षं मी हेच करून पगार घेतला. बाबांना हे सांगितलं नाही. त्यांनी फाईल बंद केली आणि मग म्हणाले, "तुझी आईसुद्धा 'काही नाही' म्हणायची. दोन वर्षं 'पित्त आहे' म्हणत होती." आईबद्दल ते सहसा बोलत नाहीत. ती गेली तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि तोवर मलाही ते पित्तच वाटत होतं.

खडकीला गेलेलं चाक

सोडताना मॅडम म्हणाल्या, "सहा महिने श्रम नाहीत. बोलत बोलत चालता येईल, तेवढंच चालायचं."

"सायकल?"

"नाही."

"अगदी सावकाश?"

"सावकाश चालवणारा रेसवाला मी अजून पाहिला नाही."

"पुन्हा रेस करता येईल ना?"

"ते मला आज माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "सूज उतरून मागे व्रण किती राहतो, त्यावर आहे. काहींना येतं करता. काहींना नाही. सहा महिन्यांनी हृदयाचा फोटो काढू, तेव्हा खरं काय ते सांगेन."

घरी आलो त्याच दुपारी सुजाताने सायकलचं पुढचं चाक काढलं, स्कूटरवर पायांपाशी उभं ठेवलं आणि खडकीला बाबांकडे नेऊन दिलं. एका चाकाची सायकल सहा महिने गॅलरीत नाक टेकून उभी होती.

मग तिने माझ्यासमोर बसून सांगितलं, "मला रंगवून सांगू नकोस आणि लपवूनही ठेवू नकोस. जेवढं असेल तेवढं सांग."

ऐकायला सोपं वाटतं. मी सांगतो, सिंहगड तीनदा चढलो असतो एका दिवसात, पण हे जमेना. रोज संध्याकाळी ती कामावरून आली की सराव.

"आज जिना?"

"अगं, जिना कसला, हिमालय! दुसऱ्या मजल्यावर मला यमाच्या रेड्याच्या घंटा—"

"परत."

"दुसऱ्या मजल्यावर थांबलो."

"किती वेळा?"

"एकदा."

"दुखलं?"

"काही नाही."

"परत."

"दुखलं नाही. घाबरलो."

"हं," म्हणायची आणि चहा टाकायला उठायची.

असं सहा महिने. इतका कठीण सराव मला कुठल्या कोचने दिला नव्हता. पहिला महिना बरा जातो, लोक फळं आणतात. दुसऱ्या महिन्यात फळं थांबतात आणि तुम्ही दिसायला ठणठणीत असता. लिफ्टमधले लोक विचारतात, "मग, सुरू केली का सायकल?" ऑफिसात कोणी खोका उचलायला सांगितलं, की नाही म्हणताना जीभ अडखळते. भांडणंही होतात. मी एकदा सुजाताला म्हणालो, की तू बायको आहेस की जेलर. ती म्हणाली, "तू हॉस्पिटलात होतास तेव्हा मी रोज घरी येऊन तुझा तो चाटलेला पट्टा हातात घेऊन बसायचे. फेकून द्यायचा होता. देता आला नाही. मी कोण ते तू ठरव."

तिसऱ्या महिन्यात मी घसरलो. एकदम बरं वाटायला लागलं होतं. मी मंदारला फोन केला, एक जुनं पुढचं चाक दे.

"देतो की," मंदार म्हणाला. "वहिनींना विचारून देतो."

"तिला कशाला?"

"तिला चालत असतं, तर माझ्याकडे कशाला मागितलं असतंस?"

फोन ठेवला आणि बस पकडून थेट खडकीला गेलो. बाबांच्या खोलीत कॅलेंडरशेजारी खिळ्याला माझं चाक टांगलेलं होतं. लखलखीत. दर रविवारी ते प्रत्येक तार पुसत होते. जन्मभर बावीस इंची काळ्या सायकलवर कारखान्यात गेलेला माणूस, त्याला चाकाशी कसं वागायचं ते माहीत होतं.

मी चाकाकडे बघत उभा. बाबांनी ते खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिलं.

"घेऊन जा. तुझंच आहे. फक्त जाताना सुजाताला फोन कर आणि सांग, की मी नेतोय."

मी चाक हातात फिरवलं. छान फिरलं. खूप वेळ फिरलं. मग ते पुन्हा खिळ्याला लावलं, चहा प्यायलो आणि परत आलो. संध्याकाळी सुजाताला जेवढं झालं तेवढं सांगितलं. त्या दिवशी तिने 'परत' म्हटलं नाही.

सहा महिन्यांनी फोटो निघाला, छातीला चोवीस तास यंत्र लावून झालं, ट्रेडमिलवर पळवून झालं. सूज गेली होती. व्रण मॅडमनी बोटाने दाखवला, तांदळाच्या दाण्याएवढा. "हळूहळू सुरू करा," त्या म्हणाल्या. "जरा काही वेगळं वाटलं तर थांबायचं. तिथल्या तिथे." बाबा स्वतः चाक घेऊन आले, बसमध्ये मांडीवर ठेवून.

तुमच्यापैकी कोणाला ताप येऊन गेला असेल आणि रेस तोंडावर असेल, तर माझं एवढंच मागणं आहे, की दोन आठवडे घरात लोळा. आणि काटा वर गेला तर डॉक्टरकडे जा. पट्ट्याच्या कंपनीचे लोक फार सभ्य असतात, पण त्यांना स्टेथोस्कोप देत नाहीत.

माळावर

आणखी चार महिन्यांनी मी पुन्हा रेसला उभा राहिलो. कात्रजच्या पलीकडे एका गावच्या माळावर. तीन फेऱ्या. मी मुद्दाम सगळ्यात मागच्या रांगेत होतो. सुजाता आणि बाबा खाली, पाणी देण्याच्या तंबूपाशी.

पहिली फेरी अशी झाली, की मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. मागे जेमतेम पाचजण. तरी उतारावर चाक दगडांवरून उड्या मारत गेलं तेव्हा दहा महिन्यांत पहिल्यांदा अंगात मी होतो. दुसऱ्या फेरीच्या मोठ्या चढावर छातीत एकदा ठोका चुकल्यासारखं झालं. चार पेडल पुढे गेलो आणि पुन्हा. दुखलं नाही. डोळ्यांपुढे काही आलं नाही. फक्त चुकल्यासारखं, दोनदा.

चढ संपायला शंभर पावलं राहिली होती. वर गेलं की पुढे सगळा उतार. डोक्यातला जुना गडी लगेच बोलला, की वर जाऊ आणि मग बघू.

मी उतरलो.

वळणावर बोरीच्या झाडाखाली गावातले एक काका उभे होते, हातात वॉकीटॉकी, अंगात आयोजकांनी दिलेलं केशरी जाकीट. कोणी पडलं, अडलं तर खाली कळवायचं, हे त्यांचं काम. ते दोन ढांगांत माझ्यापाशी आले.

"काय झालं, पाव्हणं? चेन तुटली का?"

आता आमच्या रेसमधली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. आमच्यात दमून कोणीच थांबत नाही. पुणे जिल्ह्यातल्या डोंगरात आजवर जितकी माणसं अर्ध्या रेसमधून बाहेर पडली, त्या सगळ्यांची चेन तुटली आहे, नाहीतर पंक्चर झालं आहे. एवढ्या पंक्चरांना पुरतील इतके काटे सह्याद्रीत नाहीत. सगळ्यांना ते माहीत असतं, आणि कोणी कोणाला विचारत नाही. काकांनी मला तो दरवाजा उघडून दिला होता. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

सोमवारी मॅडमकडे पुन्हा चोवीस तास यंत्र लागलं, ते ठोके बिनधोक निघाले, दमल्यावर पुष्कळांना येतात तसले, आणि मॅडमनी मला पुढे चालू ठेवायला सांगितलं. पण हे सोमवारचं. त्या चढावर मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मागून आलेला एकजण धापा टाकत मला ओलांडून गेला.

"नाही," मी म्हणालो. "छातीत दोनदा चुकल्यासारखं झालं. दुखत नाहीये. मला मागे हृदयाचा आजार झाला होता. म्हणून थांबलो."

काकांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग सायकल माझ्या हातातून घेतली आणि झाडाला टेकवली.

"मग बसा की सावलीला. पाणी हाय का?"

"आहे."

"घोट घोट घ्या. कोन हाय का संगं?"

"बायको आहे खाली. वडील आहेत."

मी बोरीच्या बुंध्याला पाठ लावून बसलो. काकांनी वॉकीटॉकीचं बटण दाबलं आणि सगळा माळ ऐकेल अशा आवाजात खाली कळवलं,

"हॅलो. मोठ्या चढाव एक जन थांबलाय. सायकल चांगली हाय. मानूस बसलाय, बोलतोय. त्येच्या मंडळीला वर पाठवा, पन पळू नका म्हनावं."